पावाच्या पाकिटावरचे आकडे

रमजान जवळ आला की मोबाईलवर एक यादी फिरू लागते. ब्रेड, बिस्किट, आइस्क्रीमच्या पाकिटावर ४७१, ४८१, ९२० असे आकडे असतील तर आत डुकराची चरबी आहे, हा निरोप पुढे पाठवा, सवाब मिळवा. आमच्या शाळेतल्या मुलांच्या आया ती यादी मला दाखवतात आणि विचारतात, "मॅडम, यातलं खरं किती?" एकीने यंदा दुसराच प्रश्न जोडला. डब्यातला ब्रेड खाल्ला की तिच्या मुलाचे पोट फुगते आणि संध्याकाळपर्यंत तो पडून राहतो. शेजारच्या खालांनी निदान केले: याला गव्हाची ॲलर्जी आहे. दुसऱ्या दिवसापासून घरात त्याच्यासाठी गहू बंद.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे नाही. म्हणून आधी पहिला.

हे आकडे कुणी गुप्त खूण म्हणून छापलेले नाहीत. खाण्याच्या वस्तूत मिसळायच्या पदार्थांची नावे लांबलचक असतात, म्हणून जगभर एक क्रमांक ठरवला आहे. युरोपात त्याच्या आधी 'ई' लावतात, आपल्याकडे नुसता आकडा किंवा 'आयएनएस' लिहितात. ३०० म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे लिंबू-आवळ्यातले जीवनसत्त्व क. २६० म्हणजे ॲसेटिक ॲसिड, आपल्या सिरक्याचा आंबटपणा. ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट. यांना घाबरायचे काही कारण नाही. आकडा पदार्थ कोणता ते सांगतो, तो कशापासून काढला ते सांगत नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड. तेल किंवा चरबीपासून ते बनवतात आणि त्यामुळे ब्रेड दोन-तीन दिवस मऊ राहतो. ते पाम तेलापासून निघते, सोयाबीनच्या तेलापासून निघते आणि जनावराच्या चरबीपासूनही निघू शकते. ४८१ चेही तसेच. ९२० म्हणजे एल-सिस्टीन, कणीक सैल करण्यासाठी. ते पूर्वी मुख्यतः पिसे आणि केस यांपासून काढत, आता आंबवूनही तयार करतात. म्हणजे "४७१ म्हणजे डुक्कर" हे जितके चूक, तितकेच "आकड्यात काही नसते" हेही चूक.

मग ओळखायचे कसे? भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर चौकोनातला हिरवा ठिपका बघा. आपल्या कायद्यात व्याख्या स्पष्ट आहे: दूध, दुधाचे पदार्थ, मध यांसारखे अपवाद सोडले तर प्राण्यापासून आलेला कोणताही घटक वस्तूत असेल, तर ती वस्तू मांसाहारी ठरते आणि तिच्यावर तपकिरी खूण लावावी लागते. पूर्वी तोही गोल ठिपका होता. रंग नीट न ओळखणाऱ्यांनाही फरक कळावा म्हणून नव्या नियमांत तपकिरी त्रिकोण आला. ही खूण शाकाहारी बांधवांसाठी आहे, पण काम आपलेही करते. हिरव्या ठिपक्याच्या ब्रेडमधले ४७१ चरबीचे असेल तर ती कंपनी कायदा मोडते आहे. हा ठिपका म्हणजे हलालचे प्रमाणपत्र नव्हे, तो फक्त प्राण्याच्या अंशाचा प्रश्न मिटवतो. पण यादीतला प्रश्न तोच तर आहे. आखातातून किंवा लंडनहून मामू-चाचूंनी आणलेल्या पाकिटावर हा ठिपका नसतो. तिथे आकडा बघून विचारणे रास्त.

आता खरी अडचण. आपल्या घरात पाकिटबंद ब्रेड किती येतो? आपले मालेगाव (वाशीमचे, नाशिकचे यंत्रमागवाले नव्हे, पत्रांवर लोक अजून तो घोळ घालतात) पहाटे उठते ते पाववाल्याच्या हाकेने. लादी पाव, टोस, खारी, बटर, नानखटाई हे सगळे सुटे. ना आकडा, ना ठिपका, ना तारीख. ज्या ब्रेडवर सगळे छापलेले असते त्याला आपण घाबरतो आणि ज्यावर काहीच छापलेले नाही तो बिनघोर चहात बुडवतो.

सुट्या पावाबाबत कोणता प्रश्न विचारायचा, हे २०१६ मध्ये दिल्लीत जे घडले त्यावरून समजते. तिथल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने ब्रेड, पाव, बन, पिझ्झा-बर्गरचे पाव असे ३८ नमुने दिल्लीच्या बाजारातून घेऊन आपल्या प्रयोगशाळेत तपासले. त्यातल्या ३२ मध्ये पोटॅशियम ब्रोमेट किंवा पोटॅशियम आयोडेट यांचा अंश सापडला. मे महिन्यात अहवाल आला आणि घरोघरी नाश्त्याला ब्रेड नको झाला. ब्रेड उत्पादकांच्या संघटनेने आठवडाभरातच हे पदार्थ वापरणार नाही असे जाहीर केले. जून २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढून टाकले.

ब्रोमेट करते काय? मैद्यातल्या चिकट जाळीला, म्हणजे ग्लुटेनला, ते बळकट करते. जाळी घट्ट झाली की हवा आत अडकते, पाव उंच फुगतो, पांढराशुभ्र दिसतो. भट्टीत नीट भाजले गेले तर ब्रोमेट बदलून निरुपद्रवी ब्रोमाइड होते, असा वापरणाऱ्यांचा भरवसा होता. पण माप जास्त पडले किंवा पाव कच्चा राहिला तर ते तसेच उरते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये त्याला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेला' या गटात ठेवले. इंग्लंडने ते १९९० मध्येच बंद केले होते, श्रीलंकेने २००१ मध्ये, चीनने २००५ मध्ये. अमेरिकेत देशपातळीवर बंदी नव्हती. तिथल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, तोही १ जानेवारी २०२७ पासून लागू होणारा. आपण काही बाबतीत अमेरिकेच्या पुढे आहोत हे वाचून बरे वाटले, लपवत नाही.

कागदावरची बंदी पहाटेच्या भट्टीपर्यंत पोहोचली की नाही, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. बेकरीच्या मालाच्या दुकानात 'ब्रेड इम्प्रूव्हर' नावाची पावडर मिळते. तिच्या पाकिटावर घटक छापलेले असतात. पाववाल्या चाचांना भांडणाच्या सुरात नव्हे, नेहमीच्या ग्राहकाच्या हक्काने म्हणा, "चाचा, ती पावडरची थैली एकदा दाखवा ना." त्यावर ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि एन्झाइम लिहिलेले असेल तर ठीक. ब्रोमेट असेल तर ती पावडरच बेकायदा आहे, आणि कदाचित चाचांनाही ते ठाऊक नसेल. दुसरा प्रश्न, मोहन कशाचे? डालडा असेल तर त्यातल्या ट्रान्स फॅटवरही आता मर्यादा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ती ३ टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली. खुल्या डब्यातल्या, नाव नसलेल्या तुपावर ही मर्यादा पाळली गेली की नाही हे सांगायला कुणी नसते. तिसरे, बेकरी लहान असली तरी अन्न सुरक्षेची नोंदणी लागतेच आणि तो क्रमांक दुकानात लावायचा असतो. तो भिंतीवर दिसला तर निदान तक्रार कुणाची करायची ते कळते. आपल्या जिल्ह्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

हे सगळे पदार्थ पावात आलेच कशाला? माझ्या मते या विषयात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. ते वेळेच्या बदल्यात आले.

आमच्या घरी अम्मी खमिरी रोटीची कणीक रात्री मळून ठेवायची. थोडे दही, आदल्या दिवशीच्या खमिराचा गोळा, वरून ओले फडके. सकाळी ती फुगून दुप्पट झालेली असे. त्या सात-आठ तासांत खमिरातले जीवजंतू आपले काम करत: पिठातली साखर खात, आंबटपणा आणत, जाळी मऊ करत. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवुड या गावी, बेकरी उद्योगाच्या संशोधन केंद्रात एक पद्धत निघाली. कणीक यंत्रात काही मिनिटे अतिशय जोरात घुसळायची, त्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड, थोडी घट्ट चरबी आणि जास्त यीस्ट घालायचे. कणीक तासन्तास मुरत ठेवायची पायरीच गळाली. पिठापासून गुंडाळलेल्या ब्रेडपर्यंत साडेतीन तासांच्या आसपास पुरू लागले. ब्रेड स्वस्त झाला, इंग्लंडच्या हलक्या गव्हाचाही चालू लागला. आज जगभरच्या कारखान्यांत तीच किंवा तिच्यासारखी पद्धत आहे. जे काम रात्र करत होती, ते आकडे करू लागले.

याचा पोटाशी संबंध आहे. पण तो सांगण्याआधी एका आकड्याबद्दल लिहायलाच हवे, कारण आयांना त्याची माहिती हवी: २८२. पाकिटावर 'क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह' या शब्दांपुढे तो असतो. कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी न लागू देणारा पदार्थ. वैशाखात वाशीम जिल्ह्यात उघडा ब्रेड किती टिकतो ते सांगायला नको, तेव्हा त्याचे काम खरे आहे. बुरशी लागलेला ब्रेड त्याहून वाईटच. आपल्या देशात त्याला परवानगी आहे, आणि प्रोपिओनिक ॲसिड आपल्या आतड्यातही तयार होते. तरीही ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये २७ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ही मुले आधीच खाण्यापिण्यातल्या पदार्थांमुळे त्रास होणारी होती. त्यांना काही दिवस २८२ असलेला आणि काही दिवस नसलेला ब्रेड दिला, कोणता कधी हे घरच्यांना न सांगता. काही मुलांमध्ये चिडचिड, अस्वस्थपणा, झोपमोड वाढलेली आढळली. प्रयोग लहान होता आणि निवडक मुलांवर होता, त्यावरून 'ब्रेडने पोरे बिघडतात' असे म्हणता येणार नाही. पण एखाद्या घरात रोज दोन वेळा पाकिटातला ब्रेड जात असेल आणि मूल विनाकारण किरकिरे झाले असेल, तर दोन-तीन आठवडे तो बंद करून घरची पोळी देऊन बघण्यात तोटा काही नाही. गहू तोच राहतो, फक्त २८२ जातो. त्यामुळे काय बदलले ते नेमके कळते.

दम्याच्या पोरांसाठी आणखी एक आकडा: २२३. तो ब्रेडपेक्षा बिस्किटांच्या पाकिटावर 'डो कंडिशनर' म्हणून दिसतो. तो गंधकाचा क्षार आहे आणि काही दमेकऱ्यांचा श्वास त्याने अडतो. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत तसे लिहिणे बंधनकारक आहे. त्याच सूचनेत गहू, दूध, अंडे, शेंगदाणा, सोयाबीन यांचीही नावे येतात. आपल्या शेतात सोयाबीन, ब्रेडमध्येही बऱ्याचदा सोयाबीनचे पीठ. ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता त्या मुलाचे पोट. "पाव सोसत नाही" या तीन शब्दांत किमान तीन वेगवेगळे आजार असू शकतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा आहे.

एक, गव्हाची खरी ॲलर्जी. गहू पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलटी, श्वास लागणे. असे झाले तर घरगुती इलाज नाही, लगेच दवाखाना.

दुसरा, सिलियाक. ही ॲलर्जी नव्हे. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेले पोट, वयापेक्षा कमी उंची, लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने देऊनही न वाढणारे रक्त. कधी कधी तर फक्त रक्ताची कमतरता, बाकी काहीच नाही. हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या हे लक्षात आले होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले सुधारली. ब्रेड परत आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. दिल्ली परिसरात झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. आपल्याकडे तांदूळ-ज्वारीही खातात म्हणून तो लपून राहतो. जिथे दोन वेळा पोळी आली, तिथे तो दिसू लागतो.

याची रक्ताची तपासणी आहे, तिला टीटीजी म्हणतात. नंतर गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. इथेच खालांचा सल्ला महागात पडतो. तपासणीच्या आधी गहू बंद केला तर रक्तातली खूण नाहीशी होऊ लागते, अस्तर भरू लागते आणि रिपोर्ट चांगला येतो. घरचे निश्चिंत होतात, मूल पुन्हा पाव खाऊ लागते आणि आजार चालू राहतो. म्हणून त्या आईला मी एवढेच म्हटले, आधी तपासणी, मग परहेज. डॉक्टर सांगेपर्यंत पोळी चालू ठेवा. नमुना मालेगावात घेतला तरी तपासणी अकोला-नागपूरच्या मोठ्या लॅबमध्ये होते, दोन-चार दिवस थांबावे लागते. गहू बंद करून एक वर्ष चुकीच्या वाटेवर जाण्यापेक्षा ते परवडले.

सिलियाक निघालाच तर परहेज जन्मभराचे आणि पूर्ण. पाव-पोळी सोडली म्हणजे झाले असे नाही. आपल्या दस्तरख्वानावर गहू कुठे कुठे लपला आहे बघा: शीरखुर्म्याच्या शेवया, हलीम, खिचडा, रव्याचा हलवा, समोशाची पट्टी, जिलेबी. तलबीना तर आपण आजाऱ्याला औषध म्हणून देतो, पण तो जवाचा, म्हणून या आजारात तोही वर्ज्य. बाजारातल्या डबीच्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, हे कित्येकींना माहीत नसते. सोय एकच, आणि ती मोठी आहे: आपण ज्वारीच्या मुलखात राहतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका यांत ग्लुटेन नाही. मोठ्या शहरात ज्याला 'ग्लुटेन फ्री' म्हणून महागात विकतात ती भाकर आपल्या नानींच्या हातची आहे. मात्र चक्कीवर आधी गहू दळला असेल तर तुमच्या ज्वारीत त्याचे पीठ येतेच. अशा घराने ज्वारी स्वच्छ केलेल्या चक्कीवर किंवा घरच्या घरघंटीवर दळावी.

तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त लोकांचा आणि सगळ्यांत कमी धोक्याचा. तपासण्या चांगल्या, तरी पाव खाल्ला की गॅस, फुगणे, जडपणा. नॉर्वेत अशा ५९ जणांवरचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला ग्लुटेन सोसत नाही असे ही माणसे स्वतःहून सांगत होती. त्यांना न कळू देता आळीपाळीने ग्लुटेन, फ्रुक्टन आणि दोन्ही नसलेला खाऊ दिला. त्रास वाढला तो ग्लुटेनने नव्हे, फ्रुक्टनने. फ्रुक्टन हा गव्हातला एक कर्बोदकाचा प्रकार, आपल्या आतड्यात तो पचत नाही, पुढे जाऊन आंबतो. आणि तो कांदा-लसणातही भरपूर असतो. खिमा-पाव खाऊन पोट फुगले तर दोष पावाला जातो, खिम्यातल्या पाव किलो कांद्याला कुणी काही म्हणत नाही.

अम्मीच्या रात्रभरच्या खमिराचा इथे संबंध येतो. खमीर फ्रुक्टन खातो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. जर्मनीतल्या संशोधकांनी मोजून दाखवले की एक तास फुगवलेल्या कणकेत असे पोट फुगवणारे घटक भरपूर असतात आणि चार तासांनी त्यांतले बहुतेक गेलेले असतात. ज्यांचा त्रास या तिसऱ्या प्रकारचा आहे त्यांनी गहू टाकण्याआधी घरी नान करून बघावा. अर्धा किलो कणकेला चिमूटभर यीस्ट पुरे, सोबत दोन चमचे दही, मीठ, कोमट पाणी. यीस्ट कमी आणि वेळ जास्त, हेच गमक. थंडीत रात्रभर ठेवा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चार तासांवर ठेवाल तर आंबट होईल, तेव्हा सहरीनंतर नव्हे, जुहरच्या सुमारास मळा आणि इफ्तारच्या आधी तव्यावर टाका. सिलियाकच्या माणसाला मात्र हाही नान चालत नाही, कितीही तास ठेवला तरी.

एक बेकरीवाले हे ऐकून मला म्हणाले, "मॅडम, चार तास कणीक ठेवायला जागा कुठे, आणि माणूस कुठे? पाव पाच रुपयांचा सात केला तर तुम्हीच पलीकडच्या गल्लीत जाल." त्यांचे म्हणणे खोटे नाही. मोहल्ल्यातल्या दहा घरांनी मिळून आठवड्यातून एक दिवस, म्हणजे जुम्याला, मुरवलेल्या कणकेची वेगळी लादी सांगितली आणि दोन रुपये जास्त मोजले, तर करून देईन असे ते म्हणाले आहेत. सध्या सहा घरे तयार आहेत.